भागूबाईची शिकवणी

भित्रा कुत्रा घरात असणं हा आपल्याकडे जरा लाजेचा विषय आहे. कुत्रा पाळायचा तो चोराने घाबरावं म्हणून. तोच जर चोराच्या आधी दिवाणाखाली जाऊन बसणार असेल, तर त्याच्या दोन वेळच्या जेवणाचं समर्थन काय करायचं, हा प्रश्न पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. सभ्य पाहुणे तो गिळून टाकतात. आमच्याकडे येणारे बहुतेक नातेवाईक असल्यामुळे ते विचारतात.

आमची कुत्री गावठी. दवाखान्याच्या फायलीत तिचं नाव भागीरथी आहे. लेकीने ते मोठ्या हौसेने ठेवलं होतं. पण ती घरी आली त्याच संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली, ती जी दिवाणाखाली शिरली ती आमची जेवणं उरकेपर्यंत बाहेर आली नाही, आणि भागीरथीची भागूबाई झाली. भागूबाईच्या आधी कोणतं विशेषण लागतं हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही.

तिची यादी मोठी आहे. मिक्सर, झाडू, उघडणारी छत्री, हेल्मेट घातलेला माणूस, जिन्यात आदळणारा गॅसचा सिलिंडर, भंगारवाल्याची आरोळी आणि बाथरूममधली निळी बादली. शेजारच्या हिरव्या बादलीबद्दल तिची काही तक्रार नाही. कुत्र्यांना निळा आणि पिवळा हे रंग चांगले ओळखता येतात, हिरव्या-तांबड्यात मात्र त्यांची गल्लत होते, हे वाचल्यावर लेक म्हणाली, "म्हणजे ती पुराव्यानिशी घाबरते." आवाजाच्या बाबतीतही पुरावा तिच्याच बाजूने आहे. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो, कुत्र्याचा ४५,०००च्या आसपास पोचतो. दुपारी आपण 'काय छान शांत आहे' म्हणून आडवे होतो, तेव्हा तिच्या कानांशी काय काय चाललेलं असेल ते तिचं तिला ठाऊक.

त्यात आम्ही राहतो पुण्यात, नदीपात्रापासून हाकेच्या अंतरावर. जुलै उजाडला की संध्याकाळी तिथे ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो. आधी एखादा ताशा कडकडतो, मग टोल, आणि मग एकदम सगळ्या ढोलांवर टिपरू पडतं. आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. भागू काचांच्याही आधी थरथरते.

कुत्रं घाबरतं म्हटल्यावर सल्ला द्यायला सगळं गणगोत सरसावतं. सल्लागारांचे ढोबळमानाने तीन पंथ आहेत. पहिला रट्टा पंथ: "एक ठेवून द्या, भीती-बिती सगळी पळेल." एका भीतीवर दुसरी भीती चढवली की पहिली दिसेनाशी होते, हे खरं आहे, कुत्रं गप्प होतं, आणि गप्प झालेलं सगळं बरं झालं असं मानायची आपल्याला सवयच आहे. दुसरा सवय पंथ: "सरळ पथकासमोर नेऊन उभी करा. तासाभरात सवय होईल." तिसरा, शिकलेल्या लोकांचा, मालक पंथ: "कुत्रा म्हणजे लांडगा. कळपाचा अल्फा कोण ते तिला कळलं पाहिजे." या मताला बळ देणारं पुस्तक डेव्हिड मीच या अमेरिकन लांडगेतज्ज्ञाचं, १९७०चं. पण पुढे त्यानेच रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पोरं. तिथे हाणामारी करून कोणी गादीवर बसत नाही. म्हणजे साधं कुटुंबच. आमच्या कुटुंबात अल्फा कोण, हे अजून आम्हालाच ठरवता आलेलं नाही. ते भागूला काय कळवणार?

एक मावशी मात्र निराळ्या निघाल्या. त्यांनी भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "ते चौघं बघ. एवढ्या आरत्या, एवढ्या घंटा, पण आहे का कुणाची शेपूट आत?" मी म्हटलं, "मावशी, ते चार म्हणजे चार वेद. आमची अजून बाराखडीवर आहे."

सवय पंथाचं मत ऐकायला पटतं, म्हणून त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. इव्हान पावलॉव्ह आपल्याला शाळेत भेटतो तो लाळेपुरता. त्याला १९०४चं नोबेल मिळालं तेही पचनक्रियेवरच्या कामासाठी. पण त्याच्या प्रयोगशाळेत एक गोष्ट घडली ती कुणीही आखलेली नव्हती. सप्टेंबर १९२४मध्ये लेनिनग्राडला नेवा नदीचा मोठा पूर आला. कुत्रे पिंजऱ्यांत अडकले. पाणी चढत गेलं तसे ते नाक वर काढून छपराशी पोहत राहिले. पिंजऱ्यांची दारं पाण्याखाली गेलेली, त्यामुळे माणसांनी एकेका कुत्र्याला पाण्यात दाबून दारातून ओढून काढलं. कुत्रे वाचले. पण कामाला लागल्यावर दिसलं, की त्यातले काही शिकवलेलं विसरले आहेत. पुढे खोलीच्या दाराखालून पाण्याची नुसती धार सोडली तरी एखादा कुत्रा पार बिथरून जायचा. त्या कुत्र्यांना पुराची सवय करून द्यायला नेवा कमी पडली होती असं कोणी म्हणणार नाही.

हे मी जेवताना वाचून दाखवलं तेव्हा नवरा 'अरे बापरे' म्हणाला, लेक 'बिच्चारे' म्हणाली. आई काही बोलली नाही. आई आमच्याकडेच असते. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हा ती शनिवार पेठेत राहणारी शाळकरी मुलगी होती. आजही पावसाळ्यात 'खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली' अशी बातमी आली, की ती उठते आणि कागदपत्रांची फाईल माळ्यावर ठेवते. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. नवरा दरवर्षी तिला सांगतो, "आई, मुठेला इथवर यायचं म्हटलं तर आधी तीन मजल्यांची ना-हरकत घ्यावी लागेल." आई हसते. फाईल माळ्यावर जाते. विसर्ग कमी झाल्याची बातमी आली की खाली येते.

तिला कोणी 'घाबरायचं काय त्यात' म्हणत नाही, कारण ते म्हणून झालेलं आहे. आजोबांनी म्हटलं, बाबांनी म्हटलं, मी म्हटलं. फाईलवर त्याचा काही परिणाम झाला नाही. म्हणूनच असेल, भागूचं पहिलं निदान आईने केलं. ढोल सुरू झाले होते, नवरा दिवाणाखाली हात घालून 'चल, काही नाही होत' करत होता. आई म्हणाली, "ओढू नका हो तिला. तिथे पाणी पोचत नाही असं तिला वाटतंय ना, मग वाटू दे." पुढे प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास समजावून सांगितलं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं, फक्त त्यांनी फी घेतली.

पण नुसतं दिवाणाखाली बसू देऊन आयुष्य जात नाही. बाहेर कसं काढायचं? गंमत अशी, की त्याचं उत्तरही १९२४चंच आहे. नेवाला पूर आला त्याच वर्षी मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी पीटर नावाच्या लहानग्याची हकीकत छापली. पीटर सशाला घाबरायचा. बाईंनी त्याला आवडीचा खाऊ दिला आणि ससा खोलीत ठेवला, पण लांब, पीटरचा घास अडकणार नाही इतका लांब. मग हळूहळू जवळ. मधेच एकदा भलताच मोठा कुत्रा पीटरवर धावून आला आणि सगळं मुसळ केरात गेलं. बाईंनी पुन्हा लांबून सुरुवात केली. शेवटी पोरगं सशाला कुरवाळायला लागलं. एकाच वर्षात नदीने भीती आत कशी घुसते ते दाखवलं आणि एका बाईने ती बाहेर कशी येते ते. नदीचं काम एका दिवसात झालं. बाईंना महिने लागले. हे प्रमाण अजून बदललेलं नाही.

भागूसाठी सशाच्या जागी ढोल आला. लेकीने मोबाईलवर पथकाची ध्वनिफीत मिळवली. डॉक्टरीणबाईंचा नियम असा, की आवाज तिला ऐकू यावा पण तिने दचकू नये. कान टवकारले तर चालतील, शेपूट आत गेली तर आवाज कमी करायचा. तिचे कान विचारात घेता तो आवाज आमच्या मानाने जवळजवळ मुका होता. चार माणसं दिवाणखान्यात गंभीरपणे बसली आहेत, मधे मोबाईल, कोणालाच काही ऐकू येत नाही, आणि मिनिटामिनिटाला आई पनीरचा तुकडा टाकते आहे, असं दृश्य रोज संध्याकाळी दिसे. वीजबिल द्यायला आलेल्या माणसाने दारातूनच विचारलं, "कोणी वारलंय का?"

यात क्रमाला फार महत्त्व. आधी ढोल, मग पनीर. उलटं केलं तर कुत्र्याच्या डोक्यात उलटंच बसतं: पनीर दिसलं म्हणजे आता काहीतरी भयंकर होणार. पनीरने अर्थातच फार काळ भागलं नाही. मोठ्या भीतीला मोठा खाऊ लागतो, हे डॉक्टरीणबाईंनी हळूच सुचवलं आणि उकडलेल्या चिकनचा विषय निघाला. आमचं घर शाकाहारी. सगळ्यांनी आईकडे पाहिलं. "औषधाला सोवळं नसतं," आई म्हणाली आणि बाल्कनीत एक वेगळं पातेलं आलं. उलट ज्या शिऱ्याबद्दल कोणाला शंका नव्हती, त्यावर मात्र बंदी आली. बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. कांदा, लसूण, चॉकलेटही वर्ज्य. सत्यनारायणाचा प्रसाद चालत नाही पण चिकन चालतं, हे पचवायला आईला जरा वेळ लागला. तिने त्यावर तोडगा काढला: प्रसादाला आता बेदाणे नसतात.

'घाबरल्यावर जवळ घेतलं तर भीती वाढते' हा आणखी एक लाडका समज. डॉक्टरीणबाईंनी तो एका वाक्यात निकालात काढला. पेढा मिळतो म्हणून कोणी विंचवाला घाबरायला शिकत नाही, त्या म्हणाल्या. जवळ आली तर घ्या, गेली तर जाऊ द्या. ठरवायचं तिने.

सर्वांत अवघड शिकवणी पाहुण्यांची. घाबरलेल्या कुत्र्याशी मैत्री करायचा राजमार्ग म्हणजे त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करणं. डोळ्यांत बघायचं नाही, डोक्यावरून हात फिरवायला वाकायचं नाही, अंग जरा तिरकं ठेवून बसायचं, आणि खाऊ द्यायचाच तर हातातून न देता लांब टाकायचा. दुर्लक्ष करायला पुण्यात शिकवावं लागेल असं वाटलं नव्हतं. पण माणसाकडे न बघता शेजारून निघून जाणारे लोक कुत्र्यासमोर थेट उकिडवे बसून 'अले माझं बाळ ते' सुरू करतात. शेवटी नवऱ्याने दारावर पाटी लावली:

"आत कुत्री आहे. ती चावत नाही, घाबरते.
बेल वाजवू नये. दार हलके ठोठावावे.
आत आल्यावर तिच्याकडे पाहू नये, वाकू नये, बोबडे बोलू नये.
छत्री, हेल्मेट व सल्ला बाहेर ठेवावा."

शेवटची ओळ सोडून बाकीच्या सूचना लोक पाळतात.

तिची भाषा समजायला आम्हाला वेळ लागला. कुत्र्याने जांभई दिली म्हणजे झोप आली असेल असं नाही. उगाच ओठ चाटणं, मान वळवणं, काही कारण नसताना जमीन हुंगायला लागणं, कोरड्या अंगाने झडझडून घेणं, ही सगळी ताण आल्याची खूण असू शकते. मामा एकदा त्यांच्या अमरनाथ यात्रेचं वर्णन करत होते. घोडा दरीच्या कडेला आला त्या ठिकाणी भागूने लांबलचक जांभई दिली. मामांचा चेहरा पडला. मी घाईघाईने म्हटलं, "मामा, कंटाळा नाही आला तिला. तुमच्या आवाजाने ताण आलाय." "मलाही," नवरा म्हणाला, आणि त्याने त्याहून मोठी जांभई दिली. ती कोणत्या प्रकारची होती हे आम्ही मामांना सांगितलं नाही.

दिवाळीपुढे मात्र ही सगळी विद्या अपुरी पडते. नियमाप्रमाणे फटाक्याचा आवाज फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त नको, आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो वाजूच नये. पण सुतळी बाँबची वात पेटवणारा टेप घेऊन मीटर मोजत नाही आणि घड्याळाकडेही बघत नाही. मोबाईलचा आवाज आपल्या हातात असतो, गल्लीचा नसतो. म्हणून त्या दिवसांत शिकवणीला सुट्टी. उजेड असतानाच फिरवून आणायचं, पट्ट्यावर फोन नंबर आहे ना ते बघायचं, कारण बिथरलेला कुत्रा वाट फुटेल तिकडे धावतो. मग आतली खोली, बंद खिडक्या, पूर्ण वेगातला पंखा, आणि डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली गोळी. गोळी म्हटल्यावर लोक भुवया उंचावतात. पण औषधा-औषधांत फरक असतो. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने अंग सैल पडतं, आतली भीती तशीच जागी राहते. भीतीच कमी करणारं औषध वेगळं, आणि ते फटाके सुरू व्हायच्या आधी द्यायचं असतं. कोणतं आणि किती, हे डॉक्टरच सांगणार. सोसायटीच्या ग्रुपवरचे डॉक्टर यात धरायचे नाहीत.

आता लोक विचारतात, मग झाली का धीट? नाही झाली. धीट होणं अभ्यासक्रमात नव्हतंच. आता नदीकडून पहिली थाप ऐकू आली की ती खिडकीकडे न बघता आईच्या डब्याकडे बघते. फार झालं तर स्वतःहून उठून आतल्या खोलीत जाते, आणि आवाज थांबल्यावर कोणी न बोलावता परत येते. पूर्वी एका दचकण्याने अख्खी संध्याकाळ वाया जायची. आता ती अंग झडझडते आणि पुन्हा चपलांच्या उद्योगाला लागते. निळी बादली आम्ही देऊन टाकली. प्रत्येक भीतीशी झुंज घ्यायची नसते. काही वेळा बादली दिली तरी भागतं.

खरा बदल घरात झाला आहे. 'घाबरायचं काय त्यात' हे वाक्य आमच्याकडून आपोआप गेलं. कोणी घाबरलं की आता पहिला प्रश्न येतो, "किती लांबून चालेल?" लेक वर्गात बोलायला घाबरत होती, तिने आधी आईसमोर, मग आईसमोर आणि भागूसमोर भाषण केलं, भागूने जांभई न दिल्यामुळे तिला फार धीर आला. विसर्गाची बातमी आली की नवरा आता मुठेवर विनोद करत नाही, मुकाट्याने स्टूल आणून देतो.

आणि मग नवऱ्याचीच दाढ दुखायला लागली. हा माणूस दाताच्या डॉक्टरला किती घाबरतो हे आम्हाला लग्नानंतर इतक्या वर्षांनी समजलं, कारण तोवर तो 'वेळ नाही' म्हणत असे. आईने सूत्रं हातात घेतली. पहिल्या दिवशी त्याने दवाखान्याच्या समोरच्या फुटपाथवर उभं राहून यायचं. पुढच्या खेपेला आत बाकावर बसायचं, मासिक वाचायचं आणि उठून यायचं. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, "काका, अपॉइंटमेंट?" "नाही, मी नुसता बसायला आलोय," नवरा म्हणाला. त्यानंतर खुर्चीत बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. हेही त्याने केलं. डॉक्टरांनी चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि तपासणीची फी लावली.

घरी आल्यावर आईने त्याच्या हातावर पनीरचा तुकडा ठेवला.

"आई," तो म्हणाला, "एवढ्या मोठ्या भीतीला पनीर?"

आईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बाल्कनीतल्या पातेल्याकडे. "दाढ काढून या," ती म्हणाली, "मग बघू."